पाहुणीचं माप

डॉक्टरीणबाईंनी दात बघायचं भिंग कपाळावरून डोळ्यांवर ओढलं आणि त्या फोटोवर वाकल्या. खुर्चीत एक गृहस्थ आ वासून पडले होते. त्यांच्या गालात कापसाचे बोळे होते, ओठाला अडकवलेली नळी गुडगुड करत लाळ ओढत होती, आणि इंजेक्शनने हिरडी बधिर होईपर्यंत पाच-सात मिनिटं कुणालाच काही काम नव्हतं. तेवढ्यात फोटोवाल्याने अवजारांच्या ट्रेशेजारी चार फोटो ओळीने मांडले होते.

‘कुठे काढलेत?’

‘आमच्याच गॅलरीत. कुंडीवर येऊन बसला होता.’

‘तुम्ही काढलेत?’

‘नाही. हिने.’

बाईंनी भिंगासकट मान वर केली. भिंगाआडून त्यांचे डोळे लिंबाएवढे दिसत होते. सात आठवड्यांपूर्वी त्या घरी भेटायला येऊन गेल्या होत्या, अर्धा तास बसल्या होत्या आणि अशा वेळी जे बोलायचं ते सगळं बोलून झालं होतं. आता नव्याने काय बोलणार, म्हणून त्या पुन्हा फोटोकडे वळल्या. फोटोवाल्याला ते बरं वाटलं.

शहरात पक्षी बघणाऱ्यांचं एक मंडळ होतं. पंधरा-सोळा माणसं. रविवारी सकाळी गळ्यात दुर्बिणी अडकवून तळ्याकाठी उभी राहायची आणि एकमेकांना गप्प करायची. डॉक्टरीणबाई त्या मंडळाच्या प्रमुख. मंडळाचं चार पानी पत्रक महिन्याच्या महिन्याला निघे, आणि वर्षातून एकदा भरणाऱ्या प्रदर्शनाचे फोटो फोटोवाला छापून देई. शिवाय दोघांमध्ये एक जुना किस्सा होता. बाईंच्या पुढच्या दोन दातांत चांगली ठसठशीत फट होती. बारा वर्षांपूर्वी ओळखपत्रासाठी त्यांनी फोटो काढून घेतला, तेव्हा फोटोवाल्याने कुणी न सांगता ती फट बुजवून टाकली. दातांच्या डॉक्टरला फट शोभत नाही, एवढाच त्याचा हेतू. दुसऱ्या दिवशी बाई फोटो घेऊन दुकानात हजर. ‘ही कोण बाई आहे? हिला ठेवा तुमच्याकडे आणि मला मी द्या.’ त्याने निमूटपणे फट परत उघडून दिली. तेव्हापासून दोघांचं छान जमलं होतं.

‘शिंपी पक्षी तर नाही ना?’ त्याने विचारलं.

‘छे. शिंपी म्हणजे बोटभर जीव, शेपटी उभी. हा चांगला खातापिता आहे.’

फोटोवाल्याला किंचित वाईट वाटायला हवं होतं. बायको शिवणकाम करायची, आणि तिच्या कुंडीवर येऊन बसलेला पक्षी शिंपीच निघाला असता तर चार लोकांना सांगायला गोष्ट झाली असती. पण पक्ष्यांना आपल्या गोष्टी जमवून द्यायच्या नसतात.

बाई तिसऱ्या फोटोवर थांबल्या. मग चौथ्यावर. मग पुन्हा तिसऱ्यावर.

‘चिमणीच्याच घराण्यातला आहे. पण आपल्या घरातली चिमणी नाही. टोपी बघा. आपल्या नराची टोपी मधोमध करडी असते. ही सगळी तपकिरी. गळ्याखाली काळं आहे, ते ठीक. आणि गाल...’ त्यांनी फोटो दिव्याखाली नेला. ‘गाल अगदी स्वच्छ पांढरा. एक ठिपकासुद्धा नाही. फोटोवाले, ही डोंगरातली चिमणी आहे.’

‘म्हणजे?’

‘म्हणजे ही इथून शेकडो मैल लांब, उंचावर, थंडीत राहते. इकडे कधी कुणाला दिसलेली नाही. निदान आमच्या दप्तरात तरी नाही.’ बाईंचा आवाज चढला होता. खुर्चीतल्या गृहस्थांनीही मान वळवून बघायचा प्रयत्न केला आणि नळी सुटून त्यांच्या छातीवर पडली. ‘फोटोत काही केलेलं नाही ना तुम्ही?’

‘नाही. थोडा उजेड वाढवलाय. आणि धूळ काढली. कॅमेरा जुना आहे, आत धूळ बसलीय.’

‘धुळीचं काही नाही.’ बाईंनी नळी परत गृहस्थांच्या तोंडात अडकवली. ‘शनिवारी पत्रक छापायला जातं. पहिल्या पानावर घेऊ. फोटो, तारीख, वेळ, आणि खाली त्यांचं नाव. पहिली नोंद म्हणजे ती कायमची, काय? उद्या कुणी पुस्तक लिहिलं तरी त्यात हेच नाव येणार.’

‘हिचं नाव,’ फोटोवाला म्हणाला.

‘त्यांचंच.’

घरी परतताना तो दोनदा चुकीच्या गल्लीत वळला. तीस वर्षांची वाट. सात आठवड्यांत पहिल्यांदाच त्याला काहीतरी हवंसं वाटलं होतं आणि त्याची सवय मोडली होती.

एरवी त्याला काही होत नव्हतं. लोक सांगत, रडून घ्या, मोकळं वाटेल. त्याने तेही करून पाहिलं होतं. आरशासमोर उभा राहिला, चेहरा जरा वाकडा केला, थोडा वेळ वाट पाहिली, आणि मग आलोच आहोत तर म्हणून दाढी करून घेतली. जेवायच्या वेळी जेवायचा. पुढ्यात काय होतं ते विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. दुसऱ्या शहरातून मुलीचा रोज संध्याकाळी फोन येई आणि तोही पाठ झाल्यासारखा होई.

‘जेवलात का, बाबा?’

‘हो.’

‘गोळी घेतली?’

‘घेतली.’

‘मग ठेवू?’

‘ठेव.’

घरात एकच मोठी खोली होती आणि त्या खोलीत दोघांची कामं चालत. गॅलरीच्या दाराशी तिचं शिलाई मशीन, समोरच्या भिंतीशी याचा कॉम्प्युटर. तीस वर्षं दोघं पाठीला पाठ लावून बसली होती. फोटो खाली दुकानात काढायचे आणि टचिंग वर घरी करायचं, असा त्याचा रिवाज. पुटकुळ्या, काळी वर्तुळं, जखमांचे व्रण, डोक्यावरचे उडते केस. त्याच्या हाताखालून गेलेला माणूस पाच वर्षांनी तरुण होऊन निघे. हातच तसा बसला होता. समोर काय आहे ते कळायच्या आत डाग गेलेला असे. ती उलटी. कापड उजेडाला धरून, डोळ्यांपाशी नेऊन, आधी दहादा बघणार आणि मग कात्री लावणार.

त्या दिवशी ती त्याचा जुना कॅमेरा घेऊन गॅलरीत कितीतरी वेळ उभी होती. मग आत आली.

‘अहो, जरा इकडे बघा ना. हा कुठला पक्षी?’

‘चिमणी असेल,’ तो स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाला. कुणाच्या तरी मानेवरच्या सुरकुतीचं काम चाललं होतं.

‘चिमणी नाही. चिमण्या मी रोज बघते.’

‘मग चिमणीची बहीण असेल.’

ती थोडा वेळ त्याच्या खुर्चीमागे उभी राहिली. मग मशीनचा आवाज सुरू झाला. त्यानंतर नवव्या दिवशी सकाळी तिने गॅसवर चहा ठेवला आणि तो उकळायच्या आत ती गेली. ओट्यापाशीच. चहा आटून भांडं करपल्याचा वास येईपर्यंत त्याला कळलंही नाही. तो टचिंगच करत होता.

तिचा फोटोही त्यानेच केला. मागच्या वर्षी मुलगी आली होती तेव्हा तिने काढलेला, त्यातल्या त्यात बरा. लोक यायला लागले होते, भिंतीवर काहीतरी लावायला हवं होतं, म्हणून तो दुसऱ्याच दिवशी कॉम्प्युटरसमोर बसला आणि तासाभरात काम उरकलं. बारा बाय पंधराची फ्रेम. मुलीलाही पाठवला.

‘छान आलाय,’ मुलगी म्हणाली होती. आणि मग जरा थांबून, ‘आई थोडी वेगळी वाटते ना पण?’

‘त्या दिवशी उजेड चांगला होता,’ तो म्हणाला होता.

गुरुवारी बँकेतल्या बाई जिना चढून आल्या. त्यांनी कोट शिवायला टाकला होता आणि त्याची एक बाही लावायची राहिली होती. आधी इकडचं तिकडचं बोलल्या, मग अवघडून म्हणाल्या, ‘काका, मागायला बरं वाटत नाही. पण तसाच द्याल का? बाही मी दुसरीकडे लावून घेईन.’

मशीनच्या मागे दांडीवर पाच अर्धेमुर्धे कपडे लटकत होते. त्यांना त्याने अजून हात लावला नव्हता. प्रत्येकाला टाचणीने चिठ्ठी, चिठ्ठीवर नुसता नंबर. कुणाचा कोणता नंबर ते तिच्या मापाच्या वहीत. तीन कोट एकाच रंगाचे आणि बाईंना स्वतःचा ओळखता येईना, तेव्हा त्याने खण उघडून वही काढली. लांबट, पुठ्ठा सुटत आलेली, मध्ये टेप ठेवून बंद केलेली. खांदा, छाती, कंबर, बाही. बँकेतल्या बाई सापडल्या. एकशे बारा.

‘काकू माप घेताना तोंडात टाचण्या धरून बोलायच्या,’ कोट हातावर घेत बाई म्हणाल्या. ‘एक अक्षर कळायचं नाही हो. मी आपली मान डोलवायचे. एकदा अशीच डोलवली आणि कोटाला चार खिसे आले.’

फोटोवाला हसला. हसायची जागा आहे हे त्याला कळत होतं. बाईंनी भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलं, पाहतच राहिल्या, काही म्हणतील असं वाटलं आणि मग नमस्कार करून जिना उतरल्या.

वही ठेवून देताना टेपची घडी सुटली आणि टेप बाहेर सरकली. ती परत घालायला म्हणून त्याने शेवटचं लिहिलेलं पान उघडलं. वर नंबर नव्हता. तारीख होती, मंगळवार, सकाळी दहा. आणि जिथे गिऱ्हाइकाचं नाव लिहायचं तिथे तिच्या ठाशीव अक्षरात लिहिलं होतं: पाहुणी.

लांबी साडेपाच इंच. (ती उडाल्यावर कुंडीच्या काठाला टेप लावून.)

टोपी तपकिरी, अखंड. मध्ये जोड नाही.

गळा काळा. शर्टाच्या वरच्या बटणाएवढा.

पाठ तपकिरी, वर काळ्या रेघा, विणकर चुकल्यासारख्या तुटक.

गाल पांढरा. त्यावर काळा ठिपका. आधी वाटलं माती लागली. मग तोंड पलीकडे वळवलं, तर उजव्या गालावरही तस्साच, त्याच जागी. म्हणजे डाग नाही, नक्षी आहे.

आणि सगळ्यांत खाली: यांना दाखवणे.

काम झालं की ती पुढे बरोबरची खूण करायची. इथेही केली होती. दाखवून झालं होतं.

फोटोवाल्याने पान दोनदा वाचलं. मग कॉम्प्युटर लावला, कॅमेऱ्यातलं कार्ड काढून आत घातलं आणि टचिंग न केलेले मूळचे अकराच्या अकरा फोटो एकामागून एक उघडले.

उजवीकडे वरच्या कोपऱ्यात एक पुसट ठिपका होता, तो धुळीचा. त्याच्या ओळखीचाच. सहा वर्षं तो तिथेच होता, फोटो कुणाचाही असो. धूळ कॅमेऱ्यात असते, त्यामुळे ती जागा सोडत नाही. धंद्यातल्या माणसाला हे कुणी शिकवावं लागत नाही. पण पक्ष्याच्या गालावरचा ठिपका पक्ष्याबरोबर हलत होता. पक्षी डावीकडे, तर ठिपका डावीकडे. पक्ष्याने मान खाली घातली, तर ठिपका खाली. बाईंना दाखवलेल्या चार फोटोंत चार वेगवेगळ्या जागी तो होता, आणि चारही जागी जाऊन याने तो पुसला होता. एकेका फोटोला फार तर दहा सेकंद लागली असतील.

तिने विचारलं तेव्हा बघितलं नाही, आणि ती गेल्यावर बघायला बसला तेव्हाही बघितलं नाही. आता त्याला वाईट वाटलं. साधं, सरळ वाईट वाटलं.

शनिवारी पत्रक छापलं जाणार होतं. पहिलं पान, पहिली नोंद, तिचं नाव. उभ्या जन्मात तिचं नाव कुठे छापून आलं नव्हतं. कोटाच्या आतल्या बाजूला शिवणाऱ्याचं नाव घालतात तेसुद्धा तिने कधी घातलं नाही. आणि हे कळणार तरी कुणाला? वही खणात, कार्ड त्याच्या हातात. कार्ड रिकामं करायला एक बटण पुरे. त्याने माउसचा बाण त्या बटणावर नेऊन ठेवला. कुणाचं नुकसान होत नव्हतं. चिमणीला तर काहीच फरक पडत नव्हता.

दांडीवर उरलेले चार कपडे समोर लटकत होते. एकदा असाच एक कोट पुरा झाला होता, इस्त्री झाली होती, गिऱ्हाईक जिन्यात होतं, आणि तिला पाठीवरच्या चौकटी दोन दोऱ्यांनी सरकलेल्या दिसल्या. गिऱ्हाइकाला बाहेर बसवून ती अख्खी पाठ उसवायला बसली. ‘अगं, पाठ आहे, कोण बघतंय?’ हा म्हणाला होता. ती काहीतरी बोलली, पण तोंडात टाचण्या होत्या. त्याला काही कळलं नव्हतं. त्याने मान डोलवली होती.

त्याने बाण बटणावरून काढला आणि एक फोटो जसा होता तसा छापायला दिला. धुळीच्या ठिपक्यासकट.

शुक्रवारी दवाखाना उघडायच्या वेळीच तो जाऊन बसला. डॉक्टरीणबाई पत्रकाच्या पहिल्या पानाचं प्रूफ घेऊनच आल्या होत्या, त्याला दाखवायला. चांगलं मोठं छापलं होतं. फोटोखाली चौकटीत तिचं नाव. त्याने ते पान हातात घेतलं, नावावर नजर टाकली, आणि त्यावर आपला फोटो ठेवून दोन्ही परत केलं.

बाईंनी भिंग ओढलं. फार वेळ लागला नाही.

‘हे धूळ म्हणून काढलंत?’

‘हो.’

‘चारही फोटोंतून?’

‘हो.’

बाईंनी भिंग कपाळावर सरकवलं. जीभ नकळत पुढच्या दातांच्या फटीवर फिरली. रागावतील असं त्याला वाटलं होतं, पण त्या नुसत्या खुर्चीत टेकल्या. पेशंटच्या खुर्चीत, कारण तीच जवळ होती.

‘झाडाच्या ढोलीत राहणारी चिमणी आहे ही. गालावरचा ठिपका हीच तिची ओळख, तोच नसेल तर कोण ओळखणार? अर्ध्या जगात ढिगाने सापडते. आपल्याकडे त्या मानाने कमी, पण धान्याच्या गोदामांकडे दिसते. दप्तरात तीस-चाळीस नोंदी असतील.’

‘म्हणजे साधीच.’

‘अगदी साधी.’ त्यांनी पहिलं पान दुमडलं. ‘तुम्ही बोलला नसता तर मला कळलं नसतं. कुणालाच कळलं नसतं.’

‘तिने लिहून ठेवलं होतं.’

त्याने पिशवीतून वही काढली आणि ते पान उघडून पुढे केलं. बाई वाचू लागल्या. एकदा वाचून झाल्यावर त्यांनी ओळीवर बोट ठेवून परत पहिल्यापासून वाचलं.

‘उडाल्यावर कुंडीला टेप लावली?’

‘तिच्या गळ्यात टेप असायचीच.’

‘आमच्या मंडळात सोळा माणसं आहेत. दुर्बिणी घेऊन फिरतात. इतकं नीट बघून कुणी लिहीत नाही.’ त्या शेवटच्या ओळीपाशी आल्या. ‘यांना म्हणजे तुम्हाला?’

‘हो.’

‘खूण केलीय. दाखवला होता?’

‘हो.’

‘मग? काय म्हणालात?’

‘चिमणीची बहीण असेल म्हणालो.’

‘मग बरोबरच सांगितलंत की.’

‘न बघता सांगितलं,’ फोटोवाला म्हणाला.

बाईंनी उठून कपाटातून मंडळाचं दप्तर काढलं, जाडजूड, निळ्या पुठ्ठ्याचं. साध्या पक्ष्यांच्या नोंदी त्यात असत. ते कुणी छापत नसे, फारसं कुणी उघडतही नसे. त्यांनी तारीख घातली, वेळ घातली, जागा घातली. पक्षी एक. लांबी साडेपाच इंच, मोजून. मग शेवटच्या रकान्याशी पेन थांबवून त्यांनी त्याच्याकडे पाहिलं. त्यांना नाव ठाऊक होतं, पहिल्या पानावर त्यांनीच छापलं होतं. तरी विचारलं.

‘पाहणाऱ्याचं नाव?’

त्याने सांगितलं. तिला तो कधी नावाने हाक मारत नसे, ‘अगं’वर तीस वर्षं निभावली होती, त्यामुळे नाव उच्चारताना त्याचं त्यालाच ते नवीन वाटलं. बाईंनी लिहिलं, वाळू दिलं आणि दप्तर मिटलं.

घरी आल्यावर त्याने कपडेही बदलले नाहीत. मुलीने पाठवलेला मूळ फोटो शोधून काढला आणि मोठा करून समोर ठेवला. दोन भुवयांच्या मधली ती उभी रेघ, सुईत दोरा ओवताना पडणारी, ती इथे होती. डाव्या कानावरची बट सुटलेली होती. आणि खालच्या ओठाच्या कोपऱ्यात ती काळसर खूण, टाचण्या धरून धरून पडलेली, तीळ आहे की काय असं नवख्या माणसाला वाटेल अशी. त्याने तीनही जागा एकेक करून बघितल्या. हात माउसवर होता आणि सवयीने सरसावत होता. त्याने हात मांडीवर ठेवला.

फोटो छापून आला. जुना फ्रेममधून काढून त्याने हा बसवला, भिंतीवर लावला, खाली उतरून पाहिलं, जरा वाकडा वाटला म्हणून पुन्हा चढून सरळ केला. फ्रेमवर बोटांचे ठसे उमटले होते ते शर्टाच्या बाहीने पुसले. ती काहीतरी विचारायच्या बेतात असल्यासारखी दिसत होती. नेहमी दिसायची तशीच. त्याला रडू आलं नाही, पण भूक लागली. त्याने उभ्याउभ्याच सकाळचं उरलेलं खाल्लं आणि ते थंड आहे आणि त्यात मीठ जास्त पडलंय, हे त्याच्या लक्षात आलं.

मग त्याने फोटो मुलीला पाठवला. खाली काही लिहिलं नाही.

मुलीचा फोन संध्याकाळी यायचा. आज चार वाजताच वाजला. त्याने उचलला. पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

‘बाबा,’ ती म्हणाली. मग म्हणाली, ‘ही आई.’

‘हो.’

नेहमी आता जेवण आणि गोळी व्हायची. दोघंही त्यासाठी थांबली. मुलीने काहीच विचारलं नाही. फोटोवाल्याने भिंतीकडे पाहिलं, मग गॅलरीतल्या कुंडीकडे. कुंडीचा काठ रिकामा होता.

‘चिमणीच होती गं ती,’ तो म्हणाला. ‘पण तुझ्या आईचं बरोबर होतं. आपली चिमणी नव्हती.’

‘कसली चिमणी, बाबा?’

तो मशीनपाशी गेला, गॅलरीकडे तोंड करून तिच्या स्टुलावर बसला आणि मापाची वही उघडून मांडीवर घेतली.

‘तुला वेळ आहे ना?’ त्याने विचारलं. ‘पहिल्यापासून सांगतो.’